चौथ्या दिवशी आजारी पडलेले पिल्लू

कराडजवळच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. या कुटुंबाने गेल्या रविवारी संध्याकाळी गुऱ्हाळामागे चिपाडाच्या ढिगाच्या आडोशाला वाढलेल्या पाच पिल्लांपैकी एक मादी घरी आणली. तिचे वय अंदाजे सात आठवडे आणि वजन दोन किलोच्या आसपास आहे. आल्या दिवशी तिला अंघोळ घातली, दूध-चपाती खायला दिली, आणि पुढचे तीन दिवस ती घरभर बागडली. गुरुवारी सकाळपासून तिला सहा उलट्या झाल्या, दुपारी दुर्गंधी येणारे रक्तमिश्रित जुलाब सुरू झाले आणि संध्याकाळपासून ती निपचित पडून आहे. घरात चार वर्षांचा दुसरा कुत्रा आहे, सात वर्षांचा मुलगा आहे आणि त्या मुलाच्या हातावर पिल्लाच्या दातांचे ओरखडे आहेत. त्यांनी विचारले आहे की सकाळी दवाखाना उघडेपर्यंत थांबता येईल का, तोवर घरात काय द्यावे, आणि आमच्या हातून नेमके काय चुकले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण बाकीचे सारे नंतर वाचले तरी चालेल. सकाळपर्यंत थांबू नका. आत्ता फोन हातात घ्या आणि कराड किंवा सातारा शहरातील लहान प्राण्यांचे खासगी दवाखाने एकामागून एक लावत राहा. गावातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचा नंबर दूध संकलन केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत बहुधा मिळतो, त्यांनाही विचारा. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकांसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. ती पथके मुख्यत्वे गाई-म्हशींसाठी असली तरी जवळचा पशुवैद्य कोण, हे तिथून कळू शकते. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात मोठे रुग्णालय आहे हे खरे, पण अंगातले पाणी आटलेल्या निपचित पिल्लाला इतक्या लांबच्या प्रवासाला नेण्यापेक्षा आधी जवळच्या डॉक्टरांकडून पहिले सलाईन आणि उलटी थांबवणारे इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणे अधिक सुरक्षित असते.

एवढी घाई कशासाठी, ते सांगतो. दोन किलोच्या पिल्लाला निरोगी असताना दिवसाकाठी साधारण २०० मिलिलिटर द्रव लागतो. त्याच्या वजनाच्या ८ टक्के पाणी शरीरातून गेले म्हणजे अवघे १६० मिलिलिटर गेले, दीड कप चहाएवढे. आणि तेवढ्यानेच त्याचे डोळे खोल जातात, हिरड्या कोरड्या आणि चिकट होतात, पंजे गार पडतात. १२ टक्क्यांच्या आसपास रक्ताभिसरणच कोलमडू लागते. सहा उलट्या आणि दोन-तीन पातळ जुलाब एवढे पाणी सहज घेऊन जातात. त्यात भर म्हणजे या वयाच्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा असतो, त्यामुळे मोठा कुत्रा दोन दिवस उपाशी राहून उठून बसेल, पण पिल्लू काही तासांच्या उपासानेच थरथरू लागते, झिंगते आणि झटके येऊन बेशुद्ध पडू शकते. अशी पिल्ले पुष्कळदा विषाणूच्या आधी पाणी, साखर आणि ऊब या तीन गोष्टी संपल्यामुळे दगावतात. या तिन्ही गोष्टी भरून काढता येतात, पण वेळेत.

डॉक्टर मिळेपर्यंत तिची अवस्था किती बिघडली आहे ते पाहण्यासाठी वरचा ओठ हलकेच उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर असायला हवी. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी; त्याहून वेळ लागत असेल, किंवा हिरडी मुळातच पांढुरकी किंवा विटकरी दिसत असेल, तर फोनवर बोलताना डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. घरात डिजिटल थर्मामीटर असेल तर त्याच्या टोकाला थोडे खोबरेल तेल लावून गुदद्वारात तापमान घ्या. पिल्लाचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ ताप आला तर लोक घाबरतात, पण मला ९९ हा आकडा ऐकून अधिक काळजी वाटते, कारण अंग गार पडणे म्हणजे शरीराने हार मानायला सुरुवात केली आहे. ती गार असेल तर बाटलीत कोमट पाणी भरून, बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीशी ठेवा. मोकळी गरम बाटली अंगाला लावू नका. अशक्त पिल्लू सरकू शकत नाही आणि भाजते.

ती शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर बोटावर मध किंवा साखरेचा घट्ट पाक घेऊन हिरड्यांना चोळा. दर अर्ध्या तासाने एवढे केले तरी साखर अगदी तळाला जात नाही. शेवटच्या उलटीला तास-दीड तास होऊन गेला असेल, तरच माणसांसाठी मिळणाऱ्या ओआरएसचे पाणी, सुई काढलेल्या सिरिंजने, गालाच्या कडेने, एका वेळी ३ ते ५ मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी द्या. पुन्हा उलटी झाली तर थांबा. पिल्लू मान टाकत असेल तर तोंडात काहीही ओतू नका. ते पाणी फुप्फुसात जाते, आणि जे पिल्लू आजारातून वाचले असते ते न्यूमोनियाने जाते.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तापासाठी पॅरासिटामॉल, अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, जुलाब बंद करण्याची गोळी, ही तिन्ही माणसांची औषधे या अवस्थेतील पिल्लासाठी घातक ठरू शकतात. आयबुप्रोफेनमुळे पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जुलाब बंद करणारी गोळी आतड्याची हालचाल थांबवते, आणि जी घाण व जे जंतू बाहेर पडायला हवेत ते आत कोंडून ठेवते. हळद-दूध, ओवा, लिंबाचा रस, तुरटीचे पाणी हे सारे प्रेमापोटी दिले जाते हे मी जाणतो, पण आतड्याचे आतले अस्तर सोलवटून निघालेले असताना यांपैकी काहीही दिले तरी पुढची उलटी ओढवून घेतल्यासारखे होते. जंताचे औषधही आज रात्री स्वतःहून देऊ नका. गावाकडे जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने पिल्लाला टोचले जाते. एवढ्याशा जिवात त्याचा डोस चुकला तर मेंदूवर परिणाम होतो.

आता हा आजार काय असावा. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, तरीही वय, लस न झालेली असणे, उलट्यांनी झालेली सुरुवात आणि मग रक्ताचे जुलाब हा क्रम पाहता पहिला संशय पार्व्होचा घ्यावा लागतो. हा विषाणू कुत्र्यांमध्ये १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला आणि दोन वर्षांच्या आत जगभर पसरला. शरीरात जिथे पेशी झपाट्याने वाढत असतात तिथे तो घुसतो: आतड्याचे अस्तर आणि हाडांतील मगज. म्हणून एकीकडे आतडे सोलवटते आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटतात, म्हणजे आतड्यातले जंतू रक्तात शिरायला वाट मोकळी होते आणि त्यांना अडवणारे सैन्यही नसते. डॉक्टर अँटिबायोटिक देतात ते विषाणूसाठी नव्हे, तर या आत शिरणाऱ्या जंतूंसाठी, हे समजून घेतले म्हणजे उपचारांची दिशा कळते.

या आजाराचे एक लक्षण पुस्तकात फारसे ठळकपणे दिलेले नसते, पण ते एकदा पाहिले की विसरता येत नाही. पिल्लू स्वतःहून पाण्याच्या भांड्यापाशी जाते, भांड्याच्या काठावर हनुवटी टेकवते आणि तसेच बसून राहते. नाक पाण्यापासून बोटभर अंतरावर, डोळे अर्धवट मिटलेले, ओठांच्या कडेने लाळेची तार लोंबते आहे, पण जीभ बाहेर येत नाही. त्याला तहान लागलेली असते आणि मळमळीमुळे पिता येत नाही. घरच्यांना वाटते की ते पाण्याजवळ आहे म्हणजे पीत असणार. मी नेहमी सांगतो की भांड्यातल्या पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. तासाभराने पाणी खुणेलाच असेल तर पिल्लू पीत नाही.

‘आमच्या हातून काय चुकले’ हा तुमचा प्रश्न मला सर्वांत जास्त लागला, म्हणून त्याचा हिशेबही मांडतो. पार्व्होची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून थोडे अधिक. तुम्ही पिल्लू रविवारी संध्याकाळी आणले आणि गुरुवारी सकाळी ते आजारी पडले. लागण तुमच्या घरात झाली असण्यापेक्षा गुऱ्हाळावर झाली असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. तुम्ही तिला उचलून घेतले तेव्हा विषाणू बहुधा आत गेलेला होता. नव्या घरी आलेल्या पिल्लाचे पहिले तीन दिवस उड्या मारण्यात जाणे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कोसळणे हे मी इतक्या वेळा पाहिले आहे, की कोणी नवे पिल्लू दाखवायला आणले की पहिले दोन आठवडे त्याला डोळ्यांत तेल घालून सांभाळा, असे मी आधीच सांगून ठेवतो.

या दिवसांत अशी पिल्ले एकदम अनेक आजारी पडतात, त्यालाही कारण आहे. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांचा माजाचा मोठा हंगाम भाद्रपदात असतो हे गावात सर्वांना ठाऊक आहे. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, म्हणजे पिल्ले कार्तिकाच्या आसपास जन्मतात आणि ऐन थंडीत सहा-आठ आठवड्यांची होतात. नेमके याच वयात आईच्या पहिल्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. एकाच वयाची, लस नसलेली, एकमेकांच्या अंगाखांद्यावर लोळणारी शेकडो पिल्ले एकाच वेळी गावोगाव असतात, आणि हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गुऱ्हाळ हंगामात चालू असते, चुलाणाची ऊब मिळते म्हणून कुत्री तिथे वितात, दरवर्षी त्याच जागी वितात. गेल्या वर्षीच्या पिल्लांचा आजार त्या जागेत यंदाच्या पिल्लांची वाट पाहत असू शकतो.

दुधाबद्दल आणि अंघोळीबद्दल मात्र पुढच्या वेळेसाठी सांगायलाच हवे. गाई-म्हशीच्या दुधातील साखर अनेक पिल्लांना पचत नाही आणि त्याने जुलाब होतात, पण ते जुलाब रक्ताचे नसतात आणि पिल्लू त्यात निपचित पडत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी घातलेल्या अंघोळीने अंग गारठते आणि शरीरावर ताण येतो. या दोन्ही गोष्टी टाळायला हव्या होत्या, तरीही आजचा आजार त्यांनी आणलेला नाही. पिसवा आणि गोचिडे दिसली तरी आठवडाभर ओल्या फडक्याने पुसून आणि चिमट्याने काढून भागते.

पार्व्होचा संशय पहिला असला तरी तो एकच नाही. पोटात जंतांचा भार असेल तरी रक्त पडते. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच लागतात आणि आकडेकृमी दुधातून येतात. आकडेकृमी रक्त पितात, म्हणून अशा पिल्लाची विष्ठा डांबरासारखी काळी आणि हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या होतात. कॉक्सिडिया आणि जिआर्डिया हे सूक्ष्म परजीवीही जुलाब करतात. पिल्लाने दोरा, चिंधी किंवा मक्याचे बुरकुंड गिळले असेल तर आतडे अडते, आणि जोराच्या जुलाबात कधी कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून बसतो. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे. उंदरांचे औषध घरात किंवा गोठ्यात टाकले होते का, हे आठवून सांगा. डोळ्यांतून आणि नाकातून घट्ट स्राव, खोकला आणि ताप असेल तर डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराचा विचार करावा लागतो, ज्यात पोटाची लक्षणे कमी होऊन काही आठवड्यांनी झटके किंवा पायाचे सतत उडणे सुरू होऊ शकते. गोचीडतापही आमच्या भागात भरपूर आहे, पण तो सहसा इतक्या झपाट्याने रक्ताच्या जुलाबांनी सुरू होत नाही.

दवाखान्यात जाताना ताज्या विष्ठेचा थोडा नमुना झाकणाच्या डबीत घेऊन जा. पिल्लाला जुन्या टॉवेलासह खोक्यात ठेवा, आणि पार्व्होचा संशय आहे हे दारातूनच सांगा, म्हणजे तिथे लसीसाठी आलेल्या इतर पिल्लांपासून तिला दूर ठेवता येईल. तिला खाली फरशीवर सोडू नका. विष्ठेची झटपट चाचणी दहा-पंधरा मिनिटांत निकाल देते. ती होकारार्थी आली तर शंका उरत नाही. नकारार्थी आली आणि लक्षणे मात्र स्पष्ट असतील, तर मी त्या निकालावर विसंबून उपचार थांबवत नाही, कारण आजाराच्या सुरुवातीला किंवा रक्त फार जात असताना चाचणी चुकीने नकारार्थी येऊ शकते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन आणि साखर एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते.

पार्व्होला मारणारे औषध आमच्या रोजच्या दवाखान्यात नाही. शिरेतून सलाईन, त्यात गरजेनुसार पोटॅशियम आणि ग्लुकोज, उलटी थांबवणारे इंजेक्शन, अँटिबायोटिक, ऊब, आणि शक्य तितक्या लवकर थोडे थोडे अन्न, हेच उपचार आहेत. उपचार न मिळालेली बहुतेक पिल्ले दगावतात आणि वेळेवर भरती झालेल्या पिल्लांपैकी बहुतेक वाचतात. हे दोन्ही मी स्वतः पाहिले आहे. पहिले तीन-चार दिवस कठीण असतात. ते निभावून पिल्लाने स्वतःहून काही खाल्ले, की बहुधा ते सुटते.

रात्रंदिवस भरतीची सोय सगळीकडे नाही आणि खर्चही प्रत्येकाला झेपत नाही. अशा वेळी काही डॉक्टर दिवसातून दोनदा बोलावून कातडीखाली सलाईन, उलटीचे आणि अँटिबायोटिकचे इंजेक्शन देतात आणि मधली शुश्रूषा घरच्यांवर सोपवतात. कोलमडलेल्या पिल्लाला हा मार्ग पुरत नाही, पण जे उभे राहू शकते त्याला पुरतो, आणि पैशांअभावी काहीच न करण्यापेक्षा तो फार चांगला आहे. डॉक्टरांना खर्चाची मर्यादा स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही. आम्हाला त्या मर्यादेत सर्वांत उपयोगी काय, ते निवडता येते.

घरची शुश्रूषा कशी असावी याचा विचार करताना मला एक निवृत्त एसटी वाहक नेहमी आठवतात. त्यांच्या पिल्लाला दिवसभर सलाईन देऊन मी रात्री घरी सोडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शंभर पानी वही घेऊन आले. तिच्यात वेबिलासारखे रकाने आखले होते: वेळ, किती मिलिलिटर पाणी, उलटी, जुलाब, लघवी, तापमान. रात्री सव्वादोनला ५ मिलिलिटर, अडीचला ५, पावणेतीनला ‘उलटी, पिवळी, चमचाभर’, मग तासभर काहीच नाही, आणि ३.५० ला ‘लघवी केली’. या शेवटच्या दोन शब्दांनी मला जे सांगितले ते कोणत्याही तपासणीने तितक्या लवकर सांगितले नसते: मूत्रपिंडांपर्यंत पाणी पोहोचत होते. चार रात्री त्या वहीत एकही रकाना रिकामा राहिला नाही. ते पिल्लू वाचले. आज रात्रीपासून तुम्हीही अशी वही घाला, आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ती मावत असेल तर रोज एकाच वेळी वजन लिहा. चोवीस तासांत कमी झालेले १०० ग्रॅम म्हणजे चरबी नव्हे, गेलेले पाणी असते.

अन्नाबाबत जुनी समजूत अशी होती की उलट्या-जुलाब पूर्ण थांबेपर्यंत पोटाला विश्रांती द्यावी. आता आम्ही तसे करत नाही. आतड्याच्या पेशींना पोषण आतून, अन्नातूनच मिळते, आणि लवकर थोडेसे खायला मिळालेली पिल्ले लवकर सावरतात. उलट्या आटोक्यात आल्या की चहाचा एक चमचा इतकेच, दर दोन-तीन तासांनी: मऊ शिजवून घोटलेला भात आणि मीठ-मसाला-कांदा-लसूण न घालता उकडून बारीक कुस्करलेले कोंबडीचे मांस. घरात मांसाहार नसेल तर मऊ भातात चमचाभर ताजे दही चालते. बरे वाटू लागताच प्रेमाने पोटभर वाढू नका. तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवा.

मुलाच्या हातावरील ओरखड्यांविषयी मी मुद्दाम वेगळे लिहितो, कारण घरात सर्वांचे लक्ष पिल्लाकडे असताना ही गोष्ट मागे पडते. पार्व्हो कुत्र्याकडून माणसाला होत नाही, याबाबत निश्चिंत राहा. रेबीजबाबत मात्र निश्चिंत राहता येणार नाही. रस्त्यावर जन्मलेल्या, लस न झालेल्या, आणि आता आजारी असलेल्या पिल्लाच्या दातांनी त्वचा खरचटली असेल, तर पिल्लू लहान आहे किंवा ते खेळत होते म्हणून दुर्लक्ष करू नये. पिल्लांनाही रेबीज होतो. ओरखडे साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. अनेक तास उलटले असले तरी धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका, आणि उद्या सकाळीच मुलाला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेऊन लसीकरण सुरू करा. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. ओरखड्यातून रक्त आले असेल तर जखमेत सिरमही द्यावे लागते, म्हणून डॉक्टरांना ते नेमके दाखवा. पिल्लाचे पुढे काय होते याची वाट पाहू नका. पिल्लाची लाळ, उलटी हाताळताना घरच्यांनीही हातमोजे घालावेत. पिल्लांच्या विष्ठेतील गोल जंतांची अंडी मुलांना अपाय करू शकतात; ती जमिनीत पडल्यावर संसर्गक्षम व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलली तर हा धोका जवळजवळ उरत नाही.

तुमच्या चार वर्षांच्या कुत्र्याला वेळेवर लसी झालेल्या असतील तर त्याला फारसा धोका नाही. झाल्या नसतील तर उद्याच डॉक्टरांना विचारा. दोघांची भांडी, पांघरुणे वेगळी ठेवा, आणि पिल्लाची सेवा करणाऱ्याने शक्यतो मोठ्या कुत्र्याला हात लावू नये. स्वच्छतेसाठी आपल्याकडे सरसकट फिनेल वापरले जाते, पण त्याने पार्व्हो मरेल याचा भरवसा नाही आणि त्याचा फरशीवरचा थर चाटणाऱ्या पिल्लाला अपायकारक असतो. सॅनिटायझरही निरुपयोगी आहे. कपडे पांढरे करण्यासाठी मिळणारे ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिश्रण करा, आधी घाण पूर्ण पुसून साबणाने धुऊन घ्या, कारण घाणीवर ब्लीच ओतले तर त्याची ताकद घाणीतच संपते, आणि मग हे मिश्रण दहा मिनिटे ओले राहू द्या. संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये ते चुकूनही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. अंगणातल्या मातीचे निर्जंतुकीकरण होत नाही. तिथे कडक ऊन लागू द्या आणि निदान वर्षभर लस पूर्ण न झालेले दुसरे पिल्लू तिथे सोडू नका.

ती बरी झाली, आणि मला तशी आशा आहे, तरी पुढचे चार आठवडे तिला इतर पिल्लांपासून लांब ठेवा, कारण बरे झाल्यावरही काही काळ विष्ठेतून विषाणू बाहेर पडतो. आजारपणात लस देत नाहीत. पूर्ण सावरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर सुरुवात करतील. पार्व्होविरुद्ध तिची स्वतःची प्रतिकारशक्ती चांगली तयार झालेली असेल, पण डिस्टेंपर आणि इतर आजारांसाठी लस लागतेच. ‘एक डोस झाला होता तरी पिल्लू गेले’ अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती शरीरात शिल्लक असेपर्यंत ती लसीलाही निष्प्रभ करते, आणि ती कोणत्या आठवड्यात संपेल हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे वय पूर्ण होईपर्यंत डोस द्यावे लागतात. शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आधीचा असेल तर लसीकरण पूर्ण झाले असे मी मानत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

उपचार करूनही काही पिल्ले जातात. तसे घडले तर तिला उघड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरा, आणि मुलाच्या लसीचे उरलेले डोस पूर्ण करा. तिचा मृत्यू झाल्याचे मुलाच्या डॉक्टरांनाही कळवा.

शेवटी गुऱ्हाळावरच्या उरलेल्या चार पिल्लांविषयी. तीही त्याच आईची, त्याच मातीत लोळलेली आहेत, आणि त्यांपैकी काही अजून आजारी पडलेली नसतील. उद्या सकाळी गुऱ्हाळमालकांना फोन करून हा सारा प्रकार सांगा आणि तूर्तास कोणालाही तिथून पिल्लू नेऊ देऊ नका, अशी विनंती करा. ज्यांनी आधीच नेले असेल त्यांची नावे विचारून घ्या आणि त्यांनाही आज तुम्ही पाहिलेली लक्षणे सांगा. जी पिल्ले खात-पीत असतील त्यांना दवाखान्यात न नेता डॉक्टरांनाच तिथे बोलावून जंताचे औषध आणि लस देता येईल का ते पाहा; चार पिल्लांच्या लसीचा खर्च एका पिल्लाच्या एका दिवसाच्या सलाईनहून फारसा जास्त होत नाही, आणि कामगारांनी मिळून तो उचलल्याचे मी आमच्या भागात पाहिले आहे. तिथे जाताना घरातल्या चपला घालून जाऊ नका.